पायाळू माणसाची उसण

मी पायाळू जन्मलो, म्हणजे डोक्याआधी पाय बाहेर आले. यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. पण पाठीत उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खावी, उसण निघून जाते, अशी आमच्याकडे समजूत. शिरूरला शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा माझ्या गावच्या, कवठे येमाईच्या कुणीतरी भर बाजारात ही बातमी फोडली, आणि माझ्या शिक्षणाआधी माझे पाय गावाला ठाऊक झाले.

सकाळी तोंडात राखुंडी असतानाच दारात कुणीतरी वाकडं होऊन उभं असे. "मास्तर, पाय द्या जरा." रोग्याने पालथं पडायचं आणि मी अनशापोटी त्याच्या पाठीवर हलकी लाथ द्यायची. रोगी वयाने मोठा असला, तर लाथेचं पाप फिटावं म्हणून मी लगेच त्याच्या पाया पडायचं. उसण बहुधा मोठ्यांनाच भरते, त्यामुळे माझी सकाळ लाथा मारण्यात आणि वाकण्यात जाई. लाथेपूर्वी मी प्रत्येकाला बजावी, "हे सगळं थोतांड आहे. मिठाच्या पुरचुंडीनं शेका, चार दिवसांत आपोआप बरं वाटेल."

"व्हय व्हय," पालथा माणूस म्हणे, "पन तुम्ही मारा आधी."

गावातल्या एका पुढाऱ्यापुढे चप्पल घालून उभं राहायची कुणाची छाती नव्हती. तेही एकदा कोट काढून माझ्या ओट्यावर पालथे पडले. "मारा, पन बेतानं. आन् भाईर बोलू नका." बाहेर त्यांचा सगळा गोतावळा ऐकत उभा होता.

पुढे याच पुढाऱ्यांच्या हस्ते शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन ठरलं. त्यांच्या मानाला शोभेल असं टेबल शाळेत नव्हतं, म्हणून कचेरीतलं शिसवी टेबल आम्ही मास्तरांनी उचलून आणलं. पुढारी आलेच नाहीत. मला उसण मात्र आली.

बायकोने विटेचा शेक दिला, निर्गुडीचा पाला बांधला, एरंडाची पानं तेल लावून पाठीला चिकटवली. शेजारचे आप्पा, ज्यांची उमर मेंढरांमागे गेली, ते घोंगडी देऊन गेले. "अंगाखाली घ्या, मास्तर. लोकर दुखणं ओढती." वैशाखात घोंगडीवर झोपून माझं फक्त पाणी ओढलं गेलं. शेवटी पाठीवरून लाटणं फिरवून झालं, आणि संध्याकाळी त्याच लाटण्याच्या पोळ्या निमूटपणे खाल्ल्या. मला सरळ उभं राहायचं होतं, बाकी काही नको होतं. धोतराचा काष्टा खोवायलासुद्धा बायकोला हाक मारावी लागत होती.

"दौंडला रेल्वेच्या चाळीत एक पायाळू बाई आहे म्हणे," ती म्हणाली.

"थोतांड आहे ते."

"असू द्या. मग काष्टा काय जन्मभर मीच खोवू?"

रविवारी उपाशीपोटी एस.टी.त बसलो. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंतचा रस्ता ज्याने केला, त्याला उसण ठाऊक नसावी.

बाई साठीची. नवरा इंजिनावर फायरमन होता, तो वारलेला. ती नुकतीच चर्चमधल्या उपासनेहून आली होती, हातात अजून गीतांचं पुस्तक होतं. मला दारात वाकडा बघून तिने सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मी ओळखला. रोज सकाळी मीच तो सोडत असे.

"पडा पालथे," ती म्हणाली. "आमच्या पाळकसाहेबांना हे पसंत न्हाई. पन गेल्या महिन्यात त्यांनाच उसण भरली, तवा मागच्या दारानं आले."

तिने लाथ दिली. मी उठून बसलो आणि न राहवून सांगितलं, "मावशी, मीही पायाळूच आहे."

तिने दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "खरं सांगा, गुण येतो का हो?"

"लोक म्हणतात, येतो."

"मलाबी तसंच म्हणत्यात." तिने पुस्तक फळीवर ठेवलं. "दोन वर्सं झाली, माझी पाठ धरलीय. सगळं दौंड माझ्याकडं येतं. मी कुणाकडं जाऊ?" आणि मी काही म्हणायच्या आत ती चटईवर पालथी झाली. "आता आलाच हाय, तर द्या एक."

आईच्या वयाच्या बाईला लाथ मारली. ती सावकाश उठली, आणि मी सवयीने तिच्या पायांशी वाकलो.

"राहू द्या, आमच्यात पाया पडत न्हाईत."

पण माझे हात तिच्या पावलांना टेकले होते. मी वाकलो होतो, तेही कळ न येता. त्या दिवशी उसणीला चार दिवस होऊन गेलेले होते, आणि एस.टी.नेही बरंच काम केलं असणार. तसं मी तेव्हाच मनाशी म्हटलं.

"तुम्हाला वाटतंय का बरं?" मी विचारलं.

"बघू उद्या," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला वाकताना तिने कमरेवर हात ठेवलाच.

संध्याकाळी शिरूरला पोचलो, तर ओट्यावर एक म्हातारा पाठ धरून बसला होता. दुपारपासून बसलाय, बायको म्हणाली. अनशापोटी असायची माझी अट जवळजवळ पाळली गेली होती, मावशींचा चहा सोडला तर मी दिवसभर उपाशीच होतो. चप्पल काढली, त्याला पालथं पडायला सांगितलं आणि पाय दिला. त्याच्या पाया पडून उठल्यावर लक्षात आलं, थोतांडाचं ते वाक्य म्हणायचं राहून गेलं होतं.