पाळण्याला मॅचिंग डोंगल
शिवणाच्या डब्यात बटण शोधताना वायफायचं नखाएवढं डोंगल हाताला लागलं आणि कल्याणातलं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवलं. तेव्हा लेक परदेशात, संध्याकाळी नातीचं बारसं, पाळणा म्हणायचा मान माझा आणि फोन मात्र बटणांचा! लेकीने जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलेलं, पण त्याला वायफाय दिसेना. मी शहाणी आदल्या दिवशी सर्वांत लांब अँटेनाचं डोंगल घेऊन आलेले. जणू अँटेना लांब तेवढी नात जवळ! लिनक्सने त्याला ओळखसुद्धा दाखवली नाही. मग ब्लाउजपीस मॅच करायला साडी नेतात, तसा लॅपटॉपच पिशवीत घालून दुकानात नेला. “काकू, लावून बघायला देत नाही,” दुकानदार म्हणाला. “अरे, साडीवर धरून बघितल्याशिवाय मी अस्तरही घेत नाही!” दोन लावली, ढिम्म. तिसरं हे चिमुकलं लावलं आणि भराभर नेटवर्कची नावं उमटली. “दिसलं!” मी ओरडलेच. तोवर संध्याकाळ झालेली; घरी पोचेपर्यंत बारसं उरकलं असतं, म्हणून दुकानाच्याच वायफायवरून लेकीला व्हिडिओ लावला आणि काउंटरशी उभं राहून पाळणा म्हटला; चार्जर घ्यायला आलेल्या बायकांनी मागून ‘जो जो’ धरलं. लेकीने तेव्हा केलेलं रेकॉर्डिंग ऐकून नात आता विचारते, “आजी, तुला सूर तेव्हाही नव्हता?” नव्हता गं, पण नेटवर्क होतं!