आधी हिचा टाकून बघ

"आधी हिचा टाकून बघ. काही झालं तर हिचं काय जातंय?"

मॅडम हे माझ्या तोंडावर बोलल्या. मी तिथेच बसून त्यांच्या सासूबाईंना पेज भरवत होते.

मुलुंडचं घर, अकरावा मजला. चार दिवसांनी सगळे बँकॉकला निघणार होते आणि आजींना उचलायला-बसवायला मी सोबत जाणार होते. मॅडमच्या मोबाइलवर हॉटेलच्या नावाने लिंक आली. ऑनलाइन चेक-इन करा, प्रत्येकाचा पासपोर्ट आणि सेल्फी टाका, नाहीतर बुकिंग रद्द. मॅडमच्या नवऱ्याला, सरांना, शंका आली. फ्रॉड असेल म्हणाले. मग विषाची परीक्षा घ्यायला दोघांनी माझी जीभ निवडली.

माझा पासपोर्ट तिकिटांसाठी म्हणून त्यांच्याच कपाटात होता. मॅडमनी तो टेबलावर ठेवून पहिल्या पानाचा फोटो काढला, शेवटच्या पानाचा काढला. मग मोबाइल माझ्यासमोर धरला. "मान वर कर. हसू नकोस." मी मान वर केली. हातात चमचा तसाच, आणि मी मुकाट मान वर केली. त्याची मला आजही लाज वाटते.

तिन्ही फोटो गेले. मग सरांनी हॉटेललाच फोन लावला. हॉटेलने अशी लिंक पाठवलीच नव्हती.

मॅडम चक्क हसल्या. "बरं झालं बाई, आपले नाही टाकले."

"आणि माझा?"

"तुझ्या नावावर कोण काय करणार आहे?"

माझं डोकं फिरलं. त्या पासपोर्टसाठी मी कामं बुडवून वाकोल्याच्या खोलीत पडताळणीच्या पोलिसाची वाट बघत बसले होते. त्या हवालदाराने माझं आडनाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुम्हाला कशाला परदेश?" शेवटच्या पानावर माझ्या बापाचं नाव आहे. बाप लोकांची गटारं उपसता उपसता गेला. ते नाव, माझा पत्ता, माझा चेहरा, सगळं आता कुणा चोराच्या हातात होतं.

"माझा पासपोर्ट द्या."

"ट्रिप झाल्यावर. इथेच सेफ आहे तो."

मी टेबलावरून उचलला. मॅडमनी झडप घालून त्याचं दुसरं टोक पकडलं आणि माझ्या थोबाडीत मारली. कान सुन्न झाला. फाटेल म्हणून मी ओढला नाही. त्यांच्या हाताला कडकडून चावले. तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. सरांनी माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. कपाळ फुटलं. आजी ओरडत होत्या, "अरे, मारू नका रे तिला!" पासपोर्ट माझ्याच मुठीत होता. तो छातीशी धरून मी अकरा मजले अनवाणी उतरले.

तशीच पोलीस ठाण्यात गेले. माझ्याआधी सरांचा फोन पोचला होता. चोराच्या उलट्या बोंबा!

"बाई, मालकिणीला चावलात तुम्ही?" ठाण्यातल्या हवालदाराने विचारलं.

"हो, चावले. लिहा." आणि लिंकपासून सगळं सांगितलं.

"आणि तो फ्रॉडवाला कोण, माहितीये?"

"तो नाही माहीत. माझा पासपोर्ट त्याला कुणी दिला ते माहितीये. तिचं नाव लिहा."

"काम जाईल ना तुमचं. मिटवून टाका."

कपाळावरचं रक्त डोळ्यात उतरत होतं. मी पुसलं नाही. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"काम गेलंच आहे, साहेब. माझे कागद आजपासून माझ्याच हातून जातील. मध्ये कुणाचा हात आला तर परत चावेन. आता तिचं नाव लिहा. लिहिल्याशिवाय मी इथून उठणार नाही."