रंगसामी देऊन आणलेली चटई

मागच्या आदितवारी कावेरीकाठच्या मैदानावर आमचा कुंभकोणमचा क्रिकेट संघ पुन्हा हरला. हरला म्हणजे काय... शेजारगावच्या नाचियार्कोविल्‌वाल्यांनी जेवणाच्या आधीच गुंडाळलं. कप द्यायला सबकलेक्टर साहेबांची मडम संध्याकाळी यायची होती, तिला लवकर या म्हणून निरोप पाठवावा लागला.

आणि गुंडाळलं कुणी? रंगसामीनं. आमच्याच रंगसामीनं! मागच्या हंगामापर्यंत हा आमचा फास्ट बोलर होता. मग आमच्या मॅनेजरनी त्याला नाचियार्कोविल्‌ला देऊन टाकलं.

बदल्यात काय आणलं, तर एक विकेटकीपर आणि खेळपट्टीवर अंथरायची काथ्याची चटई. कीपर पितळी दिवे ओतणाऱ्या घरातला. तापलेलं पितळ हाताळणारा माणूस चेंडू काय सोडणार, असं आम्हाला वाटलं होतं... तो सगळेच सोडतो. चटई मात्र चांगली आहे. तिच्यावरच रंगसामीनं आमच्या दांड्या उडवल्या.

मॅनेजर म्हणजे वैत्ती सार. हायस्कुलात गणित शिकवतात. तमिळ माणूस, बोलणं अगदी कमी. मॅच चालू असली की डोक्यावर उपरणं टाकून स्कोअररच्या टेबलाशी खुर्चीत बसलेले.

त्यांच्या पाठीमागे करंजाचं झाड आहे आणि झाडाखाली आम्ही तिघे. मी, रेल्वेतले सेतुराव आणि कापडदुकानवाला माधू. वर्षानुवर्षं जागा ठरलेली, पानात बांधलेलं हरभऱ्याचं सुंडल ठरलेलं.

आता आम्हा तंजावरकडच्या मराठी लोकांची एक खोड सांगतो. घराबाहेर आम्ही तमिळच बोलतो, पण कुणाची उणीदुणी काढायची असली की पटकन मराठीवर येतो. चारचौघांत खुशाल बोलावं, कुणाला कळत नाही. आमच्या राजाचं राज्य कंपनीनं खालसा केलं, मानमरातब गेले... एवढी एक चैन राहिली आहे.

आदितवारी त्या चैनीला नुसता ऊत आला. संध्याकाळी क्लबाची बैठक होती, वैत्ती सारना ठेवायचं की काढायचं ते तिथे ठरणार होतं. माधू म्हणत होता, आजच काढा. मी म्हणत होतो, निदान हंगाम तरी संपू दे, दुसरा आणणार कुठून...

सेतुराव तर पेटलेच होते. “माणूस देऊन चटई आणतो हा! घरीं बसवा याला. त्या चटईवरच निजवा!”

तेवढ्यात वैत्ती सारनी खुर्ची फिरवली. उपरणं खाली घेतलं, आमच्याकडे बघितलं... आणि मराठीत बोलले. आमच्या घरातली म्हातारी माणसं बोलतात तसल्या जुन्या मराठीत.

“सेतुराव, रंगसामीस देऊन टाका म्हणून तुम्हीच सांगितलांत की. ‘याचा खांदा गेला, याच्यापेक्षां एक बरी चटई मेळली तरी पुरे.’ इथंच बसून बोल्लांत. मी ऐकलों.”

माझ्या हातातलं सुंडल हातातच राहिलं. सेतुरावांचा चेहरा बघवत नव्हता.

मग हळूहळू कळलं. सारांची आई ते लहान असतानाच गेली. रावांच्या, म्हणजे आम्हा मराठी लोकांच्या, गल्लीत घर, शेजारच्या मराठी बाईंनी जेवूखाऊ घातलं, भाषा तिथंच तोंडात बसली. पुढे बोलायची वेळ आली नाही म्हणून कुणाला ठाऊक नव्हतं, इतकंच.

“पण सार, आमचं कसाला ऐकलांत?” माधू जवळजवळ रडकुंडीला आला होता.

“तोंडावर अस्की माणसं, सगळींच, गोडच बोलतात हो. तुम्ही मात्र मला कळत नाहीं म्हणून बोलतां... मग खरंच बोलत असाल, असं वाटलं.”

अय्यो... मला एकेक आठवायला लागलं. त्या लांबड्या कृष्णन्‌ला सलामीला पाठवणं ही माधूची अक्कल. डावखुऱ्या फिरकीवाल्याला बसवून ठेवणं ही माझी. सुंडल चघळता चघळता आम्ही जे बरळलो, त्यावर या भल्या माणसानं संघ उभा केला होता. आणि तो बुडाल्यावर त्यालाच शिव्या देत आम्ही तिथेच बसलो होतो.

सार रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. “संध्याकाळीं बैठक आहे. मी राहूं की जाऊं? मी पाठ करून बसतों, तुम्ही बोला,” म्हणाले... आणि खरंच खुर्ची वळवून, उपरणं डोक्यावर घेऊन बसले.

ज्यांची तोंडं वर्षानुवर्षं बंद पडली नव्हती, त्या आम्हा तिघांना एक शब्द सुचेना. ‘राहा’ म्हणायला हवं होतं. माझ्या ओठांवर आलं होतं, पण आता आमच्या म्हणण्याची मलाच भीती वाटत होती.

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग उठले, स्वतः वाकून चटई गुंडाळली आणि निघून गेले. बैठकीत कुणी हात वर करायच्या आधीच त्यांनी मॅनेजरपद सोडलं.

काल पुन्हा मॅच होती. नवे मॅनेजर कुण्या मिरासदाराचे जावई आहेत, त्यांना मराठीचा गंध नाही. पुन्हा हरलो, आणि या हंगामात आता वर येण्याची आशा मला तरी दिसत नाही.

करंजाखाली आम्ही होतोच. सवयीनं सेतुरावांनी मराठीत काहीतरी सुरू केलं, समोरच्या खुर्चीकडे बघितलं आणि मध्येच थांबले. नव्या मॅनेजरांची पाठ काही हलली नाही. आता काहीही बोललो तरी चालतं... पण बोलवत नाही.

घरी बायको ऐकत नाही, कचेरीत साहेब ऐकत नाही. उभ्या जन्मात आमचं इतकं मन लावून एकाच माणसानं ऐकलं. वैत्ती सार, तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर... पण ऐकायला नको होतंत हो.