पार्सलातला कोळसा

मटण घेऊन वाटेनं जायचं तर त्यात कोळसा टाकायचा, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. वासावर ती मागं लागतात. ती म्हणजे कोण, हे आमच्या कनेरगाव नाक्यावर कुणी उघड सांगत नाही. वाटेतच राहिलेली, खायचं मन मागं राहिलेली, अशी सगळी. डब्यात कोळशाचा खडा असला की ती घरापर्यंत येत नाहीत. मला हे थोतांड वाटायचं आणि मी तसं तोंडावर बोलायचे. माय म्हणायची, "हिची जीभ म्हंजी कातरी हाय."

वडील मी पाळण्यात असतानाच गेले. त्यानंतर मायनं मटण सोडलं आणि दादानं पुढं शाळा सोडली. तो हिंगोली ते नाका काळी-पिवळी जीप चालवायचा. नव्वदच्या दशकात आमच्या घरात शहराची जी काही हवा आली ती त्याच्या जिपेतूनच आली. हिंगोलीतलं ते हॉटेलही त्यानंच शोधून काढलं. लग्नाच्या कुठल्याशा पाहुण्यांना तिथं सोडलं, त्यांनी त्याला वर जेवायला नेलं, आणि हा गडी दोन दिवस दुसरं काही बोलेना.

शहरात त्याच्यापेक्षा भारी हॉटेल तेव्हा नव्हतं. जिना चढून वर गेलं की काळ्या काचेचं दार, आत एसीचा गारठा, टेबलांवर पांढरीशुभ्र कापडं, मखमली खुर्च्या आणि ताटात काय आहे ते दिसू नये इतपत अंधार. दादा आम्हा दोघींना पहिल्यांदा घेऊन गेला तेव्हा मायनं आत पाऊल टाकलं आणि विचारलं, "काहून रं, लाइट गेली काय यांची?" मग खुर्चीवर बसल्या बसल्या तिनं प्यायच्या पाण्यानं सगळ्या प्लेटा विसळल्या आणि त्या घडी घातलेल्या रुमालानं पुसून काढल्या. वेटरांवर देखरेख करणारे, काळ्या कोटातले म्हातारे कॅप्टन शांतपणे बघत उभे होते. "अम्मा, प्लेटां साफ हैं," एवढंच म्हणाले. माय म्हणाली, "असतील. आता जास्ती झाल्या."

तिथं नाव होतं चापाचं. बकऱ्याच्या बरगडीचा जाड तुकडा, हाडासकट, तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत, धूर सोडत यायचा. तो आला की सगळ्या हॉटेलच्या माना वळायच्या. दादाला काटा-सुरीनंच खायचं होतं. पाहुण्यांचं बघून शिकलो म्हणाला. सुरी लावली, जोर दिला, आणि चाप उडून थेट मायच्या दहीभातात. जिनं इतकी वर्षं मटणाला हात लावला नाही तिच्या ताटात! मी हसून हसून टेबलाखाली गेले. मायनं वाटी दोन बोटांनी पुढं सरकवली आणि म्हणाली, "घे, देवानं वाढलं तुला." कॅप्टननी नवा दहीभात आणला आणि दादाच्या हातातून काटा काढून घेतला. "हाथां से खाव बेटा. हड्डी को कांटा नक्को."

निघताना दादा एक चाप बांधून घ्यायचा, दुसऱ्या दिवशीच्या भाकरीबरोबर. त्या पहिल्या दिवशी मायनं पदराची गाठ सोडली, कोळशाचा खडा काढला आणि कॅप्टनसमोरच पार्सलात टाकला. दादा लाजेनं लाल. "माय, एसीतल्या मटणाला भूत लागत न्हाई. त्याला एवढा जिना चढायला येत न्हाई."

"आपल्याला तर उतरून जायचं हाय ना?" माय म्हणाली.

पुढं तो तिला चिडवायचाच. हॉटेलला निघालो की विचारायचा, "माय, तिकीट घेतलं का भुताचं?" आणि मी त्याच्या बाजूनं. आम्हा दोघांचं कशात जमत नव्हतं, पण मायच्या कोळशाला हसण्यात पक्की युती होती.

मग ती संध्याकाळ आली. दादा एकटाच हिंगोलीहून परत येत होता. नाक्याच्या अलीकडं ओढ्यावरची मोरी आहे, तिथं समोरून ट्रक आला. मला याच्यापुढचं लिहायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी गावात कुजबुज सुरू झाली. जिपेत मटणाचं पार्सल होतं म्हणे. एकटं पोरगं, तिन्हीसांजेची वेळ, आणि कोळसा नसणार, तो कुठं मानायचा असलं काही! उचलली जीभ, लावली टाळ्याला. बसायला आलेल्या बाया मायसमोर हे बोलल्या. एक तर म्हणाली, "कोळसा असता तर लेकरू वाचलं असतं." मला त्या बाईचा राग आजही येतो. तेव्हा मी तिला दारातून हाकललं होतं आणि त्याचं मला अजून बरंच वाटतं.

पार्सल एका जीपवाल्यानं दादाच्या चपलांबरोबर आणून दिलं होतं. ते ओसरीत कोपऱ्यात तसंच पडून होतं. त्या बाया गेल्यावर मायनं ते ओढून घेतलं आणि उघडलं. चाप, कांदा, लिंबाची फोड. आणि हॉटेलच्या कागदी रुमालात नीट गुंडाळलेला कोळसा.

आम्ही दोघी त्या खड्याकडं बघत राहिलो. माय बरोबर नसताना, कुणी बघत नसताना, त्यानं तो मागून घेतला होता. आयुष्यभर हसला आणि शेवटी तिचं ऐकलं. माय तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी नाही रडले. कोळसा तर होता. मग काय झालं, हे कुणाला विचारायचं?

चाप मी मातीत पुरला. कोळसा मायनं रुमालासकट देवाजवळच्या कोनाड्यात ठेवला. त्याच्या हातची शेवटची वस्तू. ती रोज त्याला हात लावायची.

पुढची वर्षं आमच्या घरात एक प्रकारची वाट बघणं होतं. तिन्हीसांजेला रस्त्यावर जीप थांबली की मायचा हात थांबायचा. तिची एकच तक्रार होती, सगळ्यांजवळ. "सपनात येईना. शेजारणीच्या सपनात आला, पाणी मागून गेला. माझ्याच सपनात काहून येईना?" मी डी.एड. केलं, तालुक्याच्या गावी मास्तरीण झाले, तिला म्हणायचे चल माझ्याकडं. तर म्हणायची, घर बंद बघून तो मागं फिरेल. मी चिडायचे. भुताखेतावर माझा विश्वास नव्हता, पण त्या घरात झोपताना मीही दाराकडं तोंड करून झोपायचे.

आणि एका दिवाळीच्या सुट्टीत तीच म्हणाली, "त्या हाटेलात जायचंय मला."

दुपारी गेलो. जिना तोच, खुर्च्यांची मखमल उडालेली. कॅप्टन आणखी म्हातारे झाले होते. त्यांनी आम्हाला ओळखलं आणि न सांगता तिसरी प्लेट मांडली. मायनं ती विसळली, पुसली आणि स्वतःशेजारी ठेवली. चाप मागवला. तो चरचरत आला, धूर काढत राहिला आणि हळूहळू गप्प झाला. कुणी हात लावला नाही. कॅप्टन खाली वाकून मायला म्हणाले, "उस दिन बच्चा खुद भट्टी के पास आया था, अम्मा. बोला, कोयला देव, मेरी मां पूछेगी."

माय म्हणाली, "बांधून द्या."

मी, सदा हसणारी, मीच कॅप्टनना कोळसा मागायला निघाले. खरं सांगते, मला त्या वाटेची भीती वाटत होती. माय म्हणाली, "हाय माझ्याकडं." तिनं पिशवीतून तो कागदी रुमाल काढला. तोच, कोनाड्यातला. तो तिनं पार्सलात ठेवला. मला वाटलं, तिनं माझी काळजी म्हणून लेकाची आठवण खर्चाला काढली. मी परत खुर्चीत बसले.

परतीची काळी-पिवळी दादाच्याच जोडीदाराची होती. आम्ही मागच्या सीटवर बसलो. दिवस कलला होता. मोरी जवळ आली तसं मायनं पार्सल उघडलं, कोळसा बाहेर काढला आणि हात लांब करून मोरीच्या कठड्यापलीकडं भिरकावून दिला.

"माय! काय करून राहिली?"

"मीच त्याला आडवी झाले गं," ती म्हणाली. आवाज एकदम सरळ होता. "एवढी वर्षं कोळसा घरात ठेवला, वर त्याला हात जोडले. कसा येईल लेकरू? दारापर्यंत येऊन मागं जात आसंल."

मला तिला सांगायचं होतं की असं काही नसतं. कातरीसारखी जीभ माझी, पण उचललीच नाही. जिपेत चापाचा वास पसरला होता. मायनं पार्सल मांडीवर उघडंच ठेवलं.

"सरक जरा," ती मला म्हणाली. मी खिडकीला चिकटले. ती माझ्या अंगाला अंग लावून बसली आणि तिच्या पलीकडं एका माणसापुरती जागा मोकळी झाली.

पुढं तांड्याच्या फाट्यावर एका म्हातारीनं हात केला. जीप थांबली. म्हातारीनं डोक्यावरचं गाठोडं खाली घेतलं, आत वाकून बघितलं आणि ती मोकळी जागा दाखवून म्हणाली, "बसू का बाई?"

"न्हाई माय," माझी माय म्हणाली. "हितं माणूस हाय."

काळी-पिवळीवाला एकही सीट रिकामी नेत नाही. त्यानं आरशातून मागं पाहिलं. मग म्हातारीला पुढं, स्वतःच्या बाजूला बसवून घेतलं आणि गाडी नाक्यापर्यंत अगदी सावकाश चालवली.