सिस्टरचे कान

पाण्यात उतरण्याआधी ती आपला तळहात समोरच्याच्या छातीवर ठेवायची आणि म्हणायची, "श्वास सोड रे बाबा. धरून ठेवून कुठे नेणार आहेस?"

तुम्ही हसाल, मंडळी. पण पाठीवर जड सिलिंडर, अंगात घट्ट काळा सूट आणि त्यात आपण भरल्या वांग्यासारखे उभे असताना कुणी असं विचारलं, की माणूस खरोखर विचारात पडतो.

आम्ही तिला सिस्टर म्हणायचो. वसईची, दोह्यातल्या एका इस्पितळात अतिदक्षता विभागात नर्स. उंची बेताची, वय साठीला टेकलेलं आणि आवाज असा, की अल वक्राच्या किनाऱ्यावर ती ओरडली की जाळी आवरणारे कोळीसुद्धा उगाच सरळ उभे राहायचे. दर शुक्रवारी सकाळी दोह्याच्या नजमा भागातून आम्ही आठ-दहा हौशी डायव्हर निघायचो. वयाने आणि धाकाने तीच आमची पुढारी.

आमच्यात एक क्रेन ऑपरेटर होता, साताऱ्याकडचा. छाती भली रुंद आणि बोलणं त्याहून रुंद. "आपण रोज ढगात बसून जेवतो. आपल्याला पाण्याचं काय भ्या?"

"ढगात हवा फुकट असते," सिस्टर म्हणायची. "इथे पाठीवर आहे तेवढीच. बडबड कमी कर."

इथला समुद्र उथळ. वाळू, थोडे मासे, बाकी धूसर हिरवं पाणी. सिस्टरला ओढ होती ती लाल समुद्रातल्या एका विवराची. प्रवाळाच्या पठारात मधोमध गोल तोंड आणि आत सरळ खोल, काळंनिळं पाणी. मी एकदा विचारलं, "त्या खड्ड्यात आहे काय एवढं?"

ती म्हणाली, "जन्मभर मी वाकून खाली बघत आलेय. कॉटवरचा माणूस वर माझ्याकडे बघत असतो. त्याला काय दिसतं, देव जाणे. मला एकदा आत जाऊन खालून वर बघायचंय."



उन्हाळा सरला की ती निवृत्त होऊन वसईला परतणार होती. म्हणून त्या ईदच्या सुट्टीत आम्ही विमानाने लाल समुद्रावर गेलोच. पाण्यात जोड्या ठरलेल्या असतात: एक वर निघाला की दुसऱ्यानेही निघायचं. सिस्टरच्या जोडीला क्रेनवाला होता, मी मागच्या जोडीत.

विवराच्या काठाशी आम्ही पोचलो. खाली नजर ठरत नव्हती. तेवढ्यात सिस्टरने क्रेनवाल्याच्या तोंडासमोरून भराभर उठणारे बुडबुडे बघितले. त्याच्या हवेचा काटा हातात घेतला, बघितला, सोडला. मग काठावरून एकदा आत वाकून पाहिलं. अगदी एकदाच. आणि अंगठा वर केला. पाण्यात त्याचा अर्थ, चला वर.

आम्ही पुढे गेलो. ती दोघं वर गेली.

नावेवर परतलो तर क्रेनवाल्याचा तमाशा रंगात आला होता. "सिस्टर म्हणत्यात, कान दुखलं! कान-बिन काय न्हाय, भ्यालासा तुम्ही! एवढी दुनियेला दम देणारी बाई, आन् खड्डा बघून पळाली!"

सगळे हसले. सिस्टरही हसली. "हो रे बाबा, घाबरले. आता पाणी पी."

दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि नाव निघालीच नाही. विमान मात्र वेळेवर निघालं.

विमानतळावर मी तिला एका बाजूला गाठलं. "त्याची हवा अर्धीच उरली होती ना? मग सांगायचं त्याला. सगळ्यांसमोर का ऐकून घेतलंत?"

"सगळ्यांसमोर सांगितलं असतं, तर पुढच्या वेळी हवा कमी पडल्यावर त्याने ते लपवलं असतं," ती म्हणाली. "माणसं लाजेने मरतात रे. मी खूप बघितलीत. दुखतंय हे सांगायला उशीर करतात."

परतल्यावर उरलेल्या सगळ्या शुक्रवारी तिने त्यालाच जोडीला घेतलं. छातीवर हात ठेवून सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. तो कुरकुरत शिकला. ऑक्टोबरात ती गेली. निरोपाला तो आलाच नाही, ड्यूटी आहे म्हणाला.

गेल्या महिन्यात तिच्या भाचीचा फोन आला. सिस्टर झोपेतच गेली होती. मी ग्रुपवर कळवलं. संध्याकाळी क्रेनवाल्याचा फोन.

"दादा, सिस्टरचं कान खरंच दुखत हुतं का त्या दिशी?"

नाटकं करण्यात माझा हात धरणारा दोह्यात कुणी नाही. मी शांतपणे म्हणालो, "हो रे. फार दुखत होते."

"खोटं नका बोलू. नावेत चढल्यावर मी काटा बघितला हुता." त्याच्या फोनमधून वारा घोंघावत होता. "तवाच कळलं हुतं मला. म्हणूनच एवढा वरडलो."

"आहेस कुठे तू?"

"केबिनमध्येच."

मी खिडकीतून पाहिलं. मुशैरिब भागातल्या इमारतींच्या पलीकडे अंधारून आलं होतं. त्याची शिफ्ट संपून गेली होती, बाकीच्या क्रेन रिकाम्या झाल्या होत्या. तो अजून खाली उतरला नव्हता.