त्या दुपारी पेणच्या स्टँडवर कोण होतं?

देवाचं नाव घेणारा कोणी अनोळखी माणूस एसटी स्टँडवर तुमच्या शेजारी येऊन बसला, तर तुम्ही पिशवी जवळ ओढून घेता की नाही? खरं सांगा. मी घेते. आणि मी तर अशाच एका माणसाची मुलगी आहे.

आधीच स्पष्ट करते — भुतंखेतं, दर्शनं, दृष्टान्त यातलं मी काहीही मानत नाही. आम्ही मराठी ख्रिस्ती. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहतो. घरात पलंगाखाली येशूच्या शिकवणीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे, मी वाचायला शिकले तीही त्यांवरूनच. पुढे स्वतःच पत्रकं लिहायला लागले, बाटलीतलं प्रार्थना केलेलं तेल आणि स्टेजवरचे चमत्कार विकणाऱ्यांच्या विरोधात. त्यावरून आमच्याच मंडळीतल्या काहींनी माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू देत. माझं मत आजही तेच आहे. म्हणूनच हे लिहिणं मला जड जातंय...

बाबा एका कंपनीत शिफ्टला होते. सुट्टीच्या दिवशी भाकरी बांधून घ्यायचे आणि पेणच्या नाहीतर रोह्याच्या स्टँडवर जाऊन बसायचे. सगळ्यात खचलेलं माणूस दिसेल त्याच्या शेजारी. कोणी मागितल्याशिवाय पत्रक पुढे करायचे नाहीत. आधी त्या माणसाचं गाठोडं स्वतःच्या मांडीवर घ्यायचे. मग भाकरी मोडायचे. परक्याच्या हातचं खायला लोक घाबरतात — गुंगीचं औषध वगैरे — म्हणून अर्धी आधी स्वतः खायचे, आणि त्याच भाकरीची उरलेली अर्धी त्याला द्यायचे. मग नाव विचारायचे, आणि चालत असेल तर प्रार्थना करायचे. तीही गाठोड्यावर हात ठेवून, डोक्यावर नाही. "डोकं त्याचं आहे," म्हणायचे. "ओझ्याला हात लावला तर कोणी नाही म्हणत नाही."

पेणच्या स्टँडवरचा केळीवाला त्यांना चिडवायचा, काय दानियलशेठ, आज गिऱ्हाईक लागलं का? बाबा हसून त्यालाही तुकडा द्यायचे.

मग त्यांना पक्षाघात झाला. डावी बाजू पूर्ण गेली. आई आधीच गेलेली, घरात आम्ही दोघंच. कूस बदलायची म्हटलं तरी मी लागायचे. बोलणं तुटक झालं, पण डोकं लख्ख राहिलं, आणि तेच वाईट झालं. पडल्या पडल्या ते एकच गोष्ट घोळवत राहायचे. एकदा म्हणाले, "एवढ्या लोकांशेजारी बसलो. एकाचंही पुढे काय झालं ते कळलं नाही. मी नसतो बसलो तरी चाललं असतं."

मी तावातावाने भांडले. फळ बघणं आपलं काम नाही, तुम्हीच शिकवलंत ना? त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर संध्याकाळच्या प्रार्थनेला ते आमेनही म्हणेनासे झाले. जेवण तुटलं. माणूस जाणार हे मला दिसत होतं, त्याची तयारीही होती. पण तो आपलं सगळं जगणं फुकट गेलं असं समजून जाणार... ते मला सहन होत नव्हतं.

माघी गणपती होऊन महिना झाला असेल. रविवारी दुपारी दारात एक बाई उभी. काष्टा घातलेलं लुगडं, हातात वालाची पिशवी.

"दानियलबाबा इथंच ऱ्हातो का गो?"

ती हिराबाई. पेणजवळच्या खाडीकाठच्या गावची, मिठागरावर कामाला जाणारी. उंबऱ्यातच बसली आणि सांगायला लागली. तिची लेक बाळंतपणात अडली होती. पेणहून अलिबागला हलवायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये लेकीबरोबर जावई गेला, हिला मागून एसटीने जायचं होतं. स्टँडवर आली आणि बसून राहिली. अलिबागच्या गाड्या समोरून सुटत होत्या, ही उठेना. थोरली लेक अशीच बाळंतपणात गेली होती, धाकटीचं तसलं बघायचं नव्हतं. सरळ घरी परत जायचं तिने ठरवलं होतं.

तेवढ्यात एक म्हातारा शेजारी येऊन बसला. गाठोडं मांडीवर घेतलं. भाकरी मोडून अर्धी आधी आपण खाल्ली...

माझ्या अंगावर काटा आला.

"मी खाल्ली नाय," हिराबाई म्हणाली. "तर म्हणतो कसा, उठ गो बाय. लेक मेली तरी तिला आई लागंल, जगली तरी आई लागंल." मग त्याने गाठोड्यावर हात ठेवून प्रार्थना केली, तिला अलिबागच्या गाडीत बसवलं. नाव विचारलं तर दानियल म्हणाला, वरशाला राहतो म्हणाला. ती पोचली तेव्हा लेक तिच्याच नावाने हाका मारत होती. आता बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप.

हे कधीचं? मी पुन्हा पुन्हा विचारलं. माघी गणपतीच्या दुसऱ्या दिवशीचं, ती ठाम होती. तो दिवस मला नीट आठवत होता. बाबांना ताप होता म्हणून मी रजा टाकली होती. सकाळपासून अंधार पडेपर्यंत त्यांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते. तेव्हा त्यांना पलंगाला खिळून दीड-दोन वर्षं झाली होती.

मी तिला समजावायला लागले, की तो दुसरा कोणी असेल. बाबांनी कधी मदत केलेला, त्यांची रीत बघून शिकलेला... माझं वाक्य संपायच्या आत ती आत गेली. पलंगाशी उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले.

"माझं गाठोडं उचललंस तवा धडधाकट होतास. आता निजलास व्हय? लाज नाय वाटत?"

बाबांनी मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "लेक?" दारातलं बोलणं त्यांना ऐकू गेलं असणार.

"बरी हाय. पोरगा झाला. काळा हाय, तुझ्यासारखा."

बाबा हसले. कित्येक महिन्यांनी... तोंड वाकडं झालं होतं, तरी हसले. डोळ्यांतून पाणी कानापर्यंत ओघळलं, ते हिराबाईने पदराने पुसलं. त्या संध्याकाळी ते आमेन म्हणाले, माझ्याही आधी.

ती गेल्यावर मी विचारलं, बाबा, तुम्ही होता तिथे?

"मी कुठे जाणार?" ते म्हणाले. मग म्हणाले, "पण त्या दिवशी माझे पाय फार दुखत होते. तूच चेपलेस."

खरं होतं. दोन्ही पाय दुखतात म्हणाले होते. डाव्याला तर स्पर्शही कळत नव्हता. तेव्हा मला वाटलं, तापामुळे असेल.

मी पेणला जाऊन केळीवाल्याला विचारलं. त्याला काही आठवत नव्हतं, एवढ्या गर्दीत कोण कोणाला बघतं. हिराबाईचा दिवस चुकला म्हणावं तर तिचा नातू तेव्हा तेवढ्याच दिवसांचा होता. दुसरा माणूस म्हणावं तर तिने बाबांना बघताक्षणी ओळखलं. पण याला चमत्कार म्हणून स्टेजवर मी कोणालाही नेऊ देणार नाही.

ईस्टर झाल्यावर बाबा गेले. शांतपणे गेले. जाताना ते रिकाम्या हाताने गेले नाहीत, एवढं मला ठाऊक आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं. तुमच्याही अडचणीच्या वेळी कधीतरी कोणी परकं माणूस शेजारी बसलं असेल, त्याने तुम्हाला गाडीत बसवून दिलं असेल. ते माणूस अजून असेल तर त्याला शोधा. पत्ता नसेल तर त्याच्या गावात नाव विचारत जा. दारात बसा आणि पुढे तुमचं काय झालं ते त्याला सांगा. त्याला ऐकू येतंय तोवर सांगा.