बालाजीरावांच्या नावाचे चार लेख

इकडे तमिळ मुलखात, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत हेमावती मामींचा स्प्रिंगचा छोटा कारखाना आहे. स्प्रिंग वळायची दोन मशीनं, एक भट्टी, तीन कामगार. मी सहा महिन्यांपासून त्यांच्या अण्णा नगरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे आणि लिहायची हौस नवी आहे. त्यामुळे कारखान्याच्या वेबसाइटवरचा इंग्रजी ब्लॉग माझ्याकडे आला.

मामींचे यजमान बालाजीराव आठ महिन्यांपूर्वी गेले, हे गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. मामी ईमेलखाली अजून त्यांचंच नाव घालायच्या. कुणी फोनवर विचारलं तर "बाहेर गेलेत" म्हणायच्या. मलाही त्यांनी बजावलं होतं, "लेखाखाली त्यांचंच नाव घाल. हात त्यांचा, असं लोक समजतात. हात गेला कळलं की ऑर्डर पण गेली."

मी चार लेख लिहिले. दर्जा, परंपरा, बालाजीरावांची तीक्ष्ण नजर. कुणी वाचत नव्हतं.

मग एका शनिवारी कृष्णस्वामींचा मेल आला. ते एका पंपाच्या कंपनीत खरेदी बघतात. कारखान्याचं निम्म्याहून जास्त काम त्यांचंच. त्यांनी लिहिलं होतं, ‘बालाजी सार, ब्लॉग वाचला. तुम्ही बोलताय असं वाटलं नाही. सोमवारी येतो, भेटूनच बोलू.’

मामींनी कारखान्यातच मेल वाचला आणि अर्धा जेवलेला डबा बंद केला.

"आता खरं लिही," त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप उघडला. मामी मशीनकडे बघत सांगू लागल्या, "मार्गळी महिन्यात गेले. मंगळवार होता. तेरावं झालं, चौदाव्या दिवशी शटर उघडलं. स्प्रिंगच्या तारेची बंडलं आलेली होती, ती उतरवून घेतली."

मी लिहिलं, ‘भरल्या डोळ्यांनी मी शटर उघडलं.’ मामींनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे कुठून आलं?"

"मामी, वाचणाऱ्याला भिडायला हवं ना."

"मी रडले नाही. अजून पण नाही. आतून काही येतच नाही. झालं नाही ते कशाला घालतोस? पूस."

मी पुसलं. "मग काय घालू?"

"चार वर्षं साखरेनं त्यांची नजर गेली होती. मशीन मी लावायचे, मापं मी घ्यायचे. ते खुर्चीत बसून आवाज ऐकायचे. बरोबर असलं की ‘सेरी’ म्हणायचे."

मी माझे आधीचे लेख उघडले.

"तू आपला तीक्ष्ण नजर लिहितोस," मामी म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "त्यांनी ऐकलं असतं तर महिनाभर चिडवलं असतं मला."

"आणि आता ‘सेरी’ कोण म्हणतं?"

"कोणी नाही. माप घेते, बरोबर येतं, पुढचं लावते."

एवढंच लिहिलं. आठ महिने खोटं नाव घातलं, हेही त्यांनी घालायला लावलं. शेवटी मामींचं स्वतःचं नाव. आधीचे चार लेख काढून टाकले.

"मामी, ऑर्डर गेली तर?"

"सोमवारी तोंडावर सांगण्यापेक्षा हे बरं. टाक."

सोमवारी मी रजा टाकली. कृष्णस्वामी आले ते लेख वाचूनच. आत येत तमिळमध्ये म्हणाले, "अम्मा, वीस वर्षांची ओळख. एक फोन करायचा."

"हो. चुकलं."

"आमची स्प्रिंग लावून दाखवा."

मामींनी मशीन लावलं. पहिल्या दोन स्प्रिंगा त्यांनी स्वतःच भंगारात टाकल्या. पुढच्या दहा कृष्णस्वामींनी आपल्या व्हर्नियर मापपट्टीने मोजल्या, एक पुन्हा मोजली. दहाही मापात होत्या.

"माल चांगला आहे," ते म्हणाले. "पण आठ महिने मी मेलेल्या माणसाशी पत्रव्यवहार करत होतो, हे वरच्यांना सांगावं लागेल. दोन महिने निम्मीच ऑर्डर. प्रत्येक खेप तपासून घेणार. मग बघू."

मामींनी मान हलवली. ते गेल्यावर मी म्हणालो, "मामी, लेखामुळे निम्मी तरी वाचली!"

"निम्मी गेली रे," मामी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, रागही नव्हता. त्या हातावरचं तेल पुसत होत्या. "पुढचं लिही. पंपाचं काम निम्म्यावर आलं, का आलं ते लिही. एक मशीन रिकामं आहे. ज्याला स्प्रिंग पाहिजे त्यानं यावं, आपल्या हातानं मोजावी, मग न्यावी."